नेम कोणाचा?

“मुलगा मोबाईलवर बंदुकीचा खेळ खेळताना सारा मोबाईलच डावीउजवीकडे, खालीवर फिरवीत असतो. ही नुसती खोड समजावी, की त्या खेळाची ती गरजच आहे?” असा प्रश्न निर्ण्याच्या एका माउलीने आम्हांस विचारला आहे. प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर नीट द्यावयाचे म्हटले, तर शेतातल्या गोफणीपासून बीदरच्या आकाशातील विमानांपर्यंत अनेकांची विचारपूस करावी लागते. म्हणून या महिन्याचे सदर आम्ही ‘नेम’ या विषयासाठीच राखून ठेवले आहे.

आपल्या सीमाभागात मराठी, कन्नड आणि दखनी या भाषा एकाच अंगणात नांदत आल्या आहेत. मराठी मूल ज्याला ‘नेम’ म्हणते, त्यालाच शेजारचे कन्नड मूल ‘गुरी’ म्हणते आणि पलीकडच्या आळीतले ‘निशाना’ म्हणते. खेळ एक, भाषा तीन. परंतु यांतील मराठी शब्दाला एक खासा पदर आहे. नेम म्हणजे लक्ष्य साधणे, आणि नेम म्हणजे नित्याने पाळावयाचे व्रतही. एकादशीचा नेम आणि बंदुकीचा नेम यांना भाषेने एकाच घरात बसविले आहे. नेम लागावयाचा, तर तो नेमाने करावा लागतो, हे आपल्या पूर्वजांना पुरते ठाऊक असावे.

ज्वारी हुरड्यात आली की पाखरांचे थवे उतरतात. ती राखण्यासाठी शिवारात माळा उभारून त्यावर गोफण घेऊन बसण्याची रीत आपल्याकडील वडीलधाऱ्यांनी पाहिलेली आणि केलेली आहे. पुढे सोयाबीन आणि तुरीचा पेरा वाढला, ज्वारीचा आटला, आणि माळेही विरळ झाले. गोफणीत दगड घालून ती डोक्याभोवती गरगर फिरवावयाची आणि नेमक्या क्षणी तिचे एक टोक सोडून द्यावयाचे. दगड कोठे जाणार, हे तो क्षण ठरवितो. निमिषभर आधी सोडले तर दगड एकीकडे, निमिषभर उशिरा सोडले तर भलतीकडेच. येथे डोळा लक्ष्यावर असतो, पण सारे कौशल्य ‘केव्हा सोडावे’ यात असते.

बेचकीची तऱ्हा निराळी. रबर ताणले, एक डोळा मिटला, दोन शिंगांच्या मधून चिंच दिसली की दगड सोडला. हात जेथे रोखला आहे, तेथेच दगड जावयाचा. येथे कौशल्य ‘कोठे धरावे’ यात असते. दोन्ही साधने नेमाचीच, परंतु एकात वेळेचा नेम आहे आणि दुसऱ्यात जागेचा. हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आजच्या मुलांच्या हातांतील खेळांतही थेट हाच भेद आहे.

दूरदर्शनसंचाला जोडावयाच्या खेळयंत्राला कन्सोल म्हणतात आणि त्याच्या हातात धरावयाच्या भागाला कंट्रोलर. या कंट्रोलरवर अंगठ्याखाली एक आखूड दांडी असते, तिला अॅनालॉग स्टिक म्हणतात. आपण तिला दांडीच म्हणू. बंदुकीच्या खेळांत पडद्याच्या मध्यभागी नेमाची एक फुली असते, आणि दांडी कलविली की ती फुली शत्रूच्या दिशेने सरकू लागते. पुष्कळांना वाटते की दांडी जितकी कलविली तितकी फुली सरकते. वस्तुतः तसे नाही. दांडी किती कलविली, यावर फुलीचा वेग ठरतो. दांडी थोडी कलवा, फुली संथपणे चालते. पूर्ण कलवा, ती धावते. आणि दांडी मध्यावर आली की फुली जेथे असेल तेथे थांबते.

घरातील दाखला द्यावयाचा तर नळाखाली ठेवलेल्या घागरीचा देता येईल. तोटी किती फिरविली, यावर धार ठरते. घागरीतले पाणी ठरत नाही. पाणी नेमके गळ्यापर्यंत हवे असेल, तर तोटी वेळेवर बंद करावी लागते. उशीर झाला की पाणी वाहून जाते, घाई केली की घागर उणी राहते. दांडीने नेम धरणे म्हणजे तोटीने घागर भरणे होय. म्हणून नवशिक्याची फुली शत्रूच्या पुढे निघून जाते, मग मागे येते, मग पुन्हा पुढे जाते. त्याचा डोळा चुकलेला नसतो. सोडण्याचा क्षण चुकलेला असतो. हा गोफणीचा नेम आहे.

ही दांडी काही खेळण्यांच्या कारखान्यात जन्मलेली नाही. तिचे कूळ विमानाचे आहे. बीदरच्या वायुदलाच्या तळावर लढाऊ वैमानिकांचे शिक्षण चालते. तेथे २००८ साली हॉक जातीची विमाने दाखल झाली. तांबड्यापांढऱ्या रंगांत कसरती करणाऱ्या ‘सूर्यकिरण’ पथकाची स्थापना १९९६ साली झाली, ती याच तळावर. पूर्वी किरण विमाने वापरणारे हे पथक पुढे हॉक विमानांवर उडू लागले. आपल्या भागातील मुलांना विमानाचा आवाज ऐकून अंगणात धावण्याची सवय आहे, ती यामुळेच. वैमानिकाने दांडी एका बाजूस कलविली की विमान त्या बाजूस कलू लागते, आणि कलतच राहते. दांडी मध्यावर आणली की विमान जेवढे कलले असेल तेवढे कललेले राहते. दांडी येथेही जागा सांगत नाही, वेग सांगते. कित्येक टनांचे यंत्र हवेत वळवावयाचे असते, तेव्हा हीच रीत योग्य ठरते, कारण विमानाला मनात येताच एका बिंदूवर उडी घेता येत नाही.

परंतु पडद्यावरील फुलीला वजन नाही. तिने विमानाच्या रीतीने का चालावे? त्याचे कारण सोयीत आहे. आरंभीच्या कंट्रोलरांवर चार दिशांची बटणे असत, दाबली किंवा न दाबली एवढेच त्यांना कळे. १९९६ साली निन्टेन्डो ६४ या यंत्राने अंगठ्याखालची दांडी घरोघरी नेली आणि १९९७ सालच्या ‘गोल्डनआय ००७’ या खेळाने दिवाणखान्यात बसून नेमबाजी खेळता येते हे दाखवून दिले. त्याच वर्षी सोनी कंपनीने प्लेस्टेशनसाठी दोन दांड्यांचा कंट्रोलर आणला. डाव्या अंगठ्याने चालावयाचे आणि उजव्याने नेम धरावयाचा, ही मांडणी २००० साली ‘एलियन रिझरेक्शन’ या खेळात आली, तेव्हा तिच्यावर अवघडपणाचा ठपका आला. पुढच्याच वर्षी, २००१ साली, एक्सबॉक्सवरील ‘हेलो’ या खेळाने तीच मांडणी लोकांच्या अंगवळणी पाडली आणि ती सर्वमान्य होऊन बसली. अंगठ्याचा प्रवास बोटभरही नसतो, आणि तेवढ्यात खेळाडूला चहूकडे पाहता आले पाहिजे. जागा सांगणारी दांडी केली असती, तर केसाएवढ्या हालचालीने फुली पडद्याच्या टोकाला गेली असती. म्हणून वेग सांगणारी दांडी आली. अडचणीतून निघालेली ही वाट होती.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा विचार खेळांच्या पुष्कळ आधी केला होता. विमानांतील उपकरणे आणि वैमानिकांच्या चुका यांचा अभ्यास करणाऱ्या पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला. लक्ष्य जितके दूर आणि जितके लहान, तितका हाताला तेथे पोचण्यास वेळ अधिक लागतो, आणि हा वेळ गणिताने मांडता येतो. पुढे १९७८ साली कार्ड, इंग्लिश आणि बर या तिघा संशोधकांनी संगणकाच्या पडद्यावरील मजकूर दाखविण्यासाठी माऊस, वेग सांगणारी दांडी आणि बटणे यांची तुलना करून पाहिली. माऊस सर्वांत जलद ठरला आणि त्याच्या चुकाही सर्वांत कमी निघाल्या. माऊस हात नेला तेवढाच जातो. तो बेचकीच्या कुळातला आहे. म्हणजे लहान, स्थिर लक्ष्य चटकन गाठावयाचे असेल, तर जागा सांगणारे साधन वरचढ ठरते, ही गोष्ट तेव्हाच दिसून आलेली आहे.

मग कंट्रोलर हातात धरूनच बेचकीचा नेम साधता येईल काय? येथे जायरोस्कोपचा प्रवेश होतो. फ्रान्समधील फूको या शास्त्रज्ञाने पृथ्वीचे फिरणे दाखविण्यासाठी फिरत्या चक्राचे एक उपकरण केले आणि १८५२ साली त्याला हे नाव दिले. आजच्या मोबाईलमध्ये आणि कंट्रोलरमध्ये असे चक्र नसते. तेथे सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसण्याजोगा बारीक भाग सतत कंप पावत असतो. यंत्र वळले की त्या कंपाला आडवा रेटा बसतो. तो मोजून यंत्र किती वेगाने वळले ते कळते, आणि त्या वेगाची क्षणाक्षणाची बेरीज करून किती वळले तेही कळते. मनगट जेवढे वळले, त्या मानाने फुली सरकते. मनगट थांबले की फुली थांबते. तोटी बंद करण्याचा प्रश्नच उरत नाही.

निन्टेन्डोच्या वी या यंत्राने २००६ साली हात रोखून नेम धरण्याची गोडी लावली. तेथे कंट्रोलरच्या टोकाचा लहान कॅमेरा दूरदर्शनसंचाजवळचे अदृश्य दिवे पाहून दिशा ओळखीत असे. जायरोस्कोपची जोड त्याला २००९ साली मिळाली. २०१५ सालच्या ‘स्प्लॅटून’ या रंग उडविण्याच्या खेळाने मात्र एक मोठे काम केले. दांडीने ढोबळ वळावयाचे आणि मनगटाने बारीक नेम धरावयाचा, अशी जोडरीत त्याने मुलांपुढे पहिल्या दिवसापासून ठेवली. सोनीच्या २०१३ आणि २०२० सालच्या कंट्रोलरांत जायरोस्कोप आहे. एक्सबॉक्सच्या त्याच वर्षांच्या नेहमीच्या कंट्रोलरांत तो नाही. एका बाजूस साधनच नाही म्हटल्यावर अनेक खेळ करणाऱ्यांनी ही सोय आपल्या खेळांत घातली नाही, यात नवल कसले? चांगली रीत मागे पडते, ती नेहमी वाईट असते म्हणूनच नव्हे. कधी तिला लागणारे अवजार सर्वांच्या घरी नसते म्हणूनही.

मनगटाच्या नेमाचे दोषही सांगितले पाहिजेत. हाताचा थरकाप दांडीत लपतो, कारण तिच्या मध्याजवळच्या किंचित हालचालीकडे यंत्र दुर्लक्ष करते. जायरोस्कोप मात्र थरकाप जसाच्या तसा पडद्यावर दाखवितो. मनगट वळावयालाही मर्यादा आहे; मागे वळून पाहावयाचे तर दांडी लागतेच. यंत्राची बेरीज हळूहळू चुकू लागते आणि हात स्थिर असताना फुली आपोआप सरकते, तेव्हा यंत्र सपाट जागी ठेवून पुन्हा जुळवून घ्यावे लागते. निर्ण्याहून बीदरला जाणाऱ्या एस. टी.त खेळून पाहणाऱ्या मुलांना आणखी एक चमत्कार दिसेल. बस वळणावर वळली की खेळातील बंदूकही वळते. जायरोस्कोपला मूल वळले की बस वळली, हे कळत नाही. आपण वळलो एवढेच त्याला कळते. उलट एकाच संथ वेगाने पळणाऱ्या लक्ष्याचा पाठलाग करावयाचा असेल, किंवा अंथरुणावर पडल्यापडल्या निवांत खेळावयाचे असेल, तर दांडी बरी. गोफणीने राखण होत असे, ती काही उगीच नव्हे.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. आपल्या खेड्यांत कन्सोल क्वचितच दिसतो; आपला कन्सोल म्हणजे मोबाईल. पब्जी मोबाईल हा खेळ २०१८ साली आला आणि सप्टेंबर २०२० मध्ये भारतात त्यावर बंदी आली. बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया या नावाने तो जुलै २०२१ मध्ये परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अडकला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाला. त्यात काचेवर अंगठा ओढून नेम धरता येतो आणि जायरोस्कोपनेही धरता येतो. जायरो बंद ठेवावा, दुर्बिणीतून पाहतानाच चालू व्हावा, की सदैव चालू राहावा, हे खेळाडू ठरवितो. गोळ्या सुटू लागल्या की खेळातील बंदूक वर उसळते. ती खाली दाबून धरण्यासाठी मोबाईलचे वरचे टोक किंचित कलवावे लागते. अंगठ्याने काचेचा भाग झाकला जातो, घामाने तो अडखळतो. मनगटाला या अडचणी नाहीत. तेव्हा, बाई, मोबाईल फिरविणे ही खोड नव्हे. तो त्याचा नेम आहे. दोन्ही रीतींत अधिक कष्टाची रीत त्याने निवडली आहे, कारण जायरो शिकणाऱ्याचा खेळ आरंभी हटकून बिघडतो आणि हाताला वळण लागल्यावरच सुधारतो. खेळण्याचे तास किती असावेत, हा प्रश्न वेगळा आणि महत्त्वाचा आहे. तो आपण आईच्या अधिकाराने अवश्य सोडवावा. परंतु फिरणाऱ्या हाताला दोष देऊ नये.

आमच्या मते खरा विचार करण्याजोगा प्रश्न दुसराच आहे. दांडीचा नेम अवघड आहे हे खेळ करणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी एक छुपी मदत योजिली. तिला एम असिस्ट म्हणतात. फुली शत्रूजवळ आली की तिचा वेग आपोआप मंदावतो. शत्रू हलला तर ती थोडी त्याच्यामागे ओढली जाते. काही खेळांत किंचित चुकलेली गोळीही लक्ष्याकडे वळवून घेतली जाते. ‘हेलो’ लोकप्रिय झाला, त्यात या मदतीचा वाटा मोठा होता. माऊसवाले आणि दांडीवाले एकाच सामन्यात खेळू लागल्यापासून या मदतीवरून त्यांच्यात कडाक्याचे वाद चालतात. जिंकला तो खेळाडू की यंत्र? नेम कोणाचा?

सायकल शिकताना वडील मागून आधार धरतात आणि मुलाला वाटते आपण एकटेच चालवीत आहोत. त्यात वाईट काही नाही. हात केव्हातरी सुटतो आणि मूल स्वतः तोल सांभाळू लागते. खेळातील हा मागचा हात मात्र सुटतही नाही आणि दिसतही नाही. वर्षानुवर्षे खेळलेल्या मुलालाही आपल्या नेमातील आपला वाटा किती, हे सांगता येत नाही. मनगटाचा नेम या बाबतीत अधिक प्रांजळ वाटतो. थरथर तुमची, स्थैर्यही तुमचे.

या प्रांजळपणाची कसोटी कोणती असू शकते, हे कोल्हापूरने देशाला दाखविले आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे पन्नास मीटर रायफलच्या प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळविले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. पन्नास मीटरवरून पाहता ते एका अंशाच्या ८० व्या भागाहूनही लहान दिसते. तेथे फुली मंद करणारा कोणी नाही. परंतु एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रायफलचा नेमबाज आधी सारे शरीरच लक्ष्याच्या रेषेत आणून बसवितो. मग श्वास आवरून उरलेला केसभर फरक काढतो. ढोबळ काम शरीराचे, बारीक काम श्वासाचे आणि बोटाचे. दांडी आणि मनगट यांची जोडरीतही हेच करते. तेव्हा या दोहोंत श्रेष्ठ कोण, हा वाद फोल आहे. गोफणीला गोफणीचे काम द्यावे, बेचकीला बेचकीचे.

आणि ज्यांचे हात थरथरतात, ज्यांचे मनगट वळत नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी दांडी हाच आधार आहे, आणि यंत्राची मदत ही मेहेरबानी नसून खेळात बसण्याची जागा आहे. अपंग खेळाडूंसाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ साली मोठ्या बटणांचा, हवी ती साधने जोडता येणारा कंट्रोलर काढला, त्यामागे हीच दृष्टी होती. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण लबाड म्हणत नाही. मदत घेण्यात कमीपणा नाही. मदत घेतली आहे हे ठाऊक नसणे, यात मात्र तोटा आहे.

म्हणून आमची सुचवण एवढीच. आपले मूल असा खेळ खेळत असेल, तर एके दिवशी त्याच्याजवळ बसावे आणि “तुझा नेम किती आणि यंत्राचा किती, ते मला दाखव,” असे त्याला म्हणावे. सरावाच्या मैदानात जाऊन, मदत बंद करण्याची सोय असेल तर ती बंद करून, दहा गोळ्या त्याने अंगठ्याने झाडाव्यात आणि दहा मनगटाने. किती लागल्या ते आईने वहीत टिपून ठेवावे आणि महिन्याने पुन्हा मोजावे. मूल थोडे ओशाळेल, मग हसेल, आणि मग बहुधा सरावाला लागेल. घरात आजोबा असतील तर त्यांनाही गोफण सोडण्याचा क्षण कसा ओळखीत, ते सांगावयास लावावे. ती विद्या आता थोड्यांच्याच हातांत उरली आहे, आणि आपल्या शिवारातले माळे तर कधीचेच उतरले आहेत.